ब्रशचं अक्षर कुठे शोभतं? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी ब्रशच्या अक्षरांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. हाताने, घाईत, मोकळेपणी ओढल्यासारखे दिसणारे जे फॉन्ट असतात, ज्यांना छपाईवाले सरसकट ‘ब्रश स्क्रिप्ट’ म्हणतात, त्यांच्याविषयी. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की माझं दुकान नाशिकला रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच बसून पाट्या रंगवायचे. मी त्याच जागेत संगणकावर अक्षरांचं काम करते.

प्रश्न : ताई, गंगापूर रोडला मिसळीचं दुकान काढतोय. डिझायनरने नाव ब्रशच्या फॉन्टमध्ये करून दिलंय. मोबाइलवर झकास दिसतं, पण काका म्हणतात रस्त्यावरून कोणाला वाचता येणार नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, गंगापूर रोड

काकांचं ऐका, पण डिझायनरचं काम टाकून देऊ नका. मोबाइल आपण डोळ्यांपासून फूटभरावर धरतो. पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचली जाते आणि वाचणारा बहुतेक वेळा दुचाकीवर असतो. आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर. साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. हा हिशेब साध्या, ठसठशीत अक्षराचा झाला. ब्रशच्या अक्षरात जाड-बारीक असतं, अक्षर कललेलं असतं, शेजारच्यात गुंतलेलं असतं, म्हणून मी तिथे दीडपट धरते. तुमच्या पाटीवर ‘मिसळ’ नऊ-दहा इंचांची हवी. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात धरायचा नाही. पुष्कळ जण सगळं मिळून मोजतात आणि पाटी वर चढल्यावर अक्षर लहान का दिसतंय म्हणून विचारत बसतात.

पैसे घालण्याआधी एक करा. पाटी दहा फूट रुंद असेल तर डिझाइन दहा इंच रुंद छापून भिंतीला चिकटवा आणि पाच फुटांवर उभे राहून वाचा. साठ फुटांवरून खरी पाटी जेवढी दिसेल, नेमकी तेवढीच ती दिसते. काकांनाच उभं करा. त्यांनी न अडखळता वाचलं तर पुढे जा.

मिसळीला ब्रशचं अक्षर शोभतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मिसळ गरम असते, झटपट येते, कोणीतरी समोर उभं राहून हाताने वाढते. ब्रशच्या अक्षरातही कोणाचा तरी हात दिसतो. हेच अक्षर औषधाच्या दुकानावर लावायला मी देणार नाही. तिथे माणूस काळजीत येतो, त्याला स्थिर, सरळ अक्षर हवं.

आता शब्दच जवळून बघा. सुरुवातीला पहिली वेलांटी, तिची कमान ‘म’च्या डोक्यावरून जाते. ती कमान ‘म’च्या कान्यावर नीट उतरली पाहिजे. स्वस्त फॉन्टमध्ये वेलांटी एकाच मापाची असते. ‘र’सारख्या अरुंद अक्षरावर ती बरोबर बसते, ‘म’वर मात्र अधांतरी लोंबकळते. चांगल्या फॉन्टमध्ये चार-पाच मापांच्या वेलांट्या करून ठेवलेल्या असतात आणि अक्षराच्या रुंदीप्रमाणे योग्य ती आपोआप येते. तुमच्या डिझाइनमध्ये ती उतरली नसेल तर डिझायनरला हाताने ओढून घ्यायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. शेवटी ‘ळ’. त्याचे दोन गोल ब्रशला फार आवडतात आणि शब्द तिथेच संपतो, त्यामुळे शेपटी थोडी लांबवायची तर तिथे लांबवा. एका शब्दाला एकच शेपटी. वेलांटीलाही फराटा, ‘ळ’लाही फराटा केलात की डोळा कुठे थांबावा हे कळेनासं होतं.

पाटी कशाची करणार हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि फॉन्टची निवड त्यावरही ठरते. व्हिनाइल कापून लावणार असाल तर कोरड्या ब्रशच्या रेघा दाखवणारा खरबरीत कडेचा फॉन्ट घेऊ नका. प्लॉटर, म्हणजे व्हिनाइल कापणारं यंत्र, त्या प्रत्येक रेघेभोवती पातं फिरवतो, मग नको असलेले बारीक तुकडे एकेक करून सोलत बसावं लागतं, आणि जे उरतात त्यांच्या कडा पहिल्या उन्हाळ्यात उचलतात. व्हिनाइलला आणि ॲक्रिलिकला गुळगुळीत कडेचं ब्रश अक्षर घ्या. खरबरीत अक्षर कागदावर छापायला ठेवा, मेन्यूकार्डावर ते छान दिसेल. आतून दिवे लागणारी अक्षरं करणार असाल तर बारीक शेपटीत एलईडी बसत नाही, ती रात्री काळी राहते आणि अर्धाच शब्द उजळतो.

आणि कायद्याची गोष्ट. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवंच, आणि ती अक्षरं बाजूच्या इंग्रजी नावापेक्षा लहान चालत नाहीत. मोठी जागा मराठीला आधी द्या. नाव ब्रशमध्ये, त्याखाली पत्ता-वेळ ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये.

प्रश्न : आम्ही बेदाणा स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली आहे. खोक्यावर इंग्रजी नाव ‘मिस्ट्राल’ फॉन्टमध्ये आहे, ते फार आवडलं. मराठी नावालाही तसाच फॉन्ट हवा आहे. शोधून थकलो.
– एक शेतकरी, दिंडोरी तालुका

‘तसाच’ शोधताय, म्हणून सापडत नाही. मिस्ट्राल केला रोजे एक्सकोफाँ या फ्रेंच माणसाने, मार्सेच्या ऑलिव्ह फाउंड्रीसाठी, १९५३ साली. दक्षिण फ्रान्समध्ये मिस्ट्राल नावाचा थंड, जोरकस वारा वाहतो, त्याचं नाव फॉन्टला दिलं. अक्षरं त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरावरून घेतलेली. त्या काळी फॉन्ट म्हणजे छपाईचे, शिशाचे सुटे खिळे. प्रत्येक अक्षर वेगळं ओतलेलं, आणि तरी खिळे जुळवणाऱ्याने ओळीत लावल्यावर एका दमात लिहिल्यासारखं दिसायला हवं. त्यासाठी प्रत्येक अक्षराची बाहेर पडणारी रेघ आणि पुढच्याची आत येणारी रेघ नेमक्या एका उंचीवर भेटवावी लागते. त्याआधी अमेरिकेत १९४२ साली रॉबर्ट स्मिथ यांनी ‘ब्रश स्क्रिप्ट’ नावाचाच फॉन्ट केला होता, पण मला मिस्ट्राल जास्त जिवंत वाटतो. त्यातली अक्षरं एका रेषेवर शिस्तीत बसत नाहीत, थोडी वर-खाली होतात, तरी ओळ कोलमडत नाही.

आता आपल्या लिपीकडे बघा. रोमन लिपीत जोडून लिहिलेलं अक्षर पायाकडून पुढे सरकतं, डावीकडून उजवीकडे, हात न उचलता. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं, आणि ते लिहिताना हात पुन्हा पुन्हा उचलावा लागतो. ‘क’ काढून बघा: काना, गोल, शेपूट, वरची रेघ. बोरूचा काप सुद्धा आपल्याकडे रोमनच्या उलट्या दिशेने तिरका असतो, त्यामुळे जाड-बारीकही वेगळ्या जागी पडतं. म्हणजे देवनागरीत ब्रशचा वेग अक्षरं एकमेकांत ओवण्यात दिसत नाही. तो दिसतो काना खाली ओढताना, गाठ वळवताना, आणि सगळ्यात जास्त शिरोरेषेच्या त्या एका आडव्या फटकाऱ्यात. ज्यांना हे उमगलेलं नाही ते साधंच देवनागरी अक्षर उजवीकडे वाकवतात आणि ब्रशचं म्हणून विकतात. वाकवल्याने अक्षर ब्रशचं होत नाही. तुम्ही शोधताना असलेच बरेच बघितले असणार, आणि ते तुम्हाला पटले नाहीत हे तुमच्या डोळ्याचं चांगलं लक्षण आहे.

मोफत आणि रीतसर मिळणाऱ्यांपैकी तीन बघा. ‘कलम’ हा हस्ताक्षराचा फॉन्ट आहे, ब्रशपेक्षा पेनाकडे झुकणारा, पण जाड वजनात खोक्यावर तग धरतो. ‘तिल्लाना’ मोकळ्या हाताचा, थोडा नाचरा. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, चपट्या ब्रशचा, ताठ आणि ठसठशीत. बेदाण्याला मी तिल्लाना लावून बघेन. तिन्ही फॉन्टमध्ये रोमन अक्षरंही आहेत, तेव्हा इंग्रजी नाव त्याच फॉन्टमध्ये घेतलं तर दोन्ही एका घरची वाटतील. मिस्ट्राल सोडवत नसेल तर मराठी नाव त्याच्याइतकं जाड ठेवा. वळण जुळलं नाही तरी चालतं, वजन जुळलं पाहिजे.

हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या मालावर वापरले तरी कोणी अडवत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या बाकीच्या पुष्कळ फॉन्टसोबत एक छोटी फाइल येते आणि तिच्यात ‘फक्त खासगी वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं. ती उघडून वाचा. खोकी छापून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

खरं तर तुम्हाला फॉन्टची गरजच नाही असं मला वाटतं. नाव एकच आहे, चार अक्षरांचं. चांगल्या हाताच्या माणसाकडून ते ब्रशने कागदावर वीस वेळा लिहून घ्या, त्यातलं एक निवडा, स्कॅन करा. ते फक्त तुमचंच असेल.

प्रश्न : फॉन्ट उतरवला, पण जोडाक्षरं फुटतात. ‘श्व’च्या जागी पाय मोडलेला श आणि शेजारी व येतो. संगणकाचा दोष आहे का?
– एक वाचक, सिडको

बहुधा नाही. त्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर केलेलंच नसेल. नवा देवनागरी फॉन्ट हातात आला की मी पहिल्यांदा ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप करते. आपल्या शेजारच्या गावाच्या नावात तिपेडी जोडाक्षर आहे, त्यावर अनुस्वार आहे, मात्रा आहे आणि ‘श्व’ही आहे. त्यात जो फॉन्ट तरला तो बऱ्याच ठिकाणी तरतो. नंतर ‘सिंहस्थ’, मग ‘दऱ्या’ आणि ‘कऱ्हाड’. हा अर्धा, पापणीसारखा र मराठीला लागतो आणि हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये बऱ्याचदा राहून जातो. ‘ल’ आणि ‘श’ही तपासा. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतील तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की बरोबर रूप येतं.

अक्षरं फुटली नाहीत पण शिरोरेषा तुटलीय, असं असेल तर अक्षरांमधलं अंतर कोणीतरी वाढवलेलं आहे. ते शून्यावर आणा. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून दूर करून शब्द ताणायचा नसतो, ब्रशच्या फॉन्टमध्ये तर नाहीच.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच करतोय. पूर्ण पत्रिका ब्रशच्या फॉन्टमध्ये केली तर हाताने लिहिल्यासारखी वाटेल ना?
– एक वाचक, नाशिकरोड

नाही, आणि हे मी चूक करून शिकले. धंद्यात नवी असताना एका घरची पत्रिका मी अख्खी ब्रशच्या फॉन्टमध्ये केली. घरच्यांना आवडली, मलाही. त्या फॉन्टमध्ये १ आणि ९ यांच्यातला फरक म्हणजे एक छोटीशी गाठ होती, आणि लहान आकारात छापल्यावर ती गाठ शाईत बुजली. पत्रिकेवरचा मोबाइल नंबर बाहेरगावच्या पाहुण्यांनी चुकीचा वाचला. मुलीची आत्या द्वारका चौकापासून रिक्षाने तासभर कार्यालय शोधत होती, फोन लागत नव्हता, ती पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. त्या पत्रिकेची एक प्रत मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

वधू-वरांची नावं ब्रशमध्ये घ्या, मोठी, मोकळी, भोवती भरपूर कोरा कागद सोडून. फार तर वर ‘शुभविवाह’. तारीख, वार, मुहूर्त, स्थळ, फोन नंबर साध्या अक्षरात. माणूस बोलतो ते ब्रशमध्ये चालेल. तपासून बघावं लागतं ते ब्रशमध्ये नको. आणि छापायला देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

प्रश्न : सिंहस्थात आमचं मंडळ यात्रेकरूंसाठी दिशादर्शक फलक लावणार आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, बस स्थानक वगैरे. पारंपरिक वाटावं म्हणून ब्रशचा फॉन्ट घ्यावा असं ठरतंय.
– मंडळाचे एक कार्यकर्ते, पंचवटी

कृपा करून घेऊ नका. २०१५ च्या सिंहस्थात मी घाटावर रोज जात होते. देशभरातून माणसं आलेली असतात, कित्येकांना देवनागरी सवयीची नसते, गर्दी मागून ढकलत असते, हातात मूल असतं. तिथे अक्षर एका नजरेत कळायला हवं. जाड, सरळ, कलतं नसलेलं अक्षर, गडद रंगावर पांढरं, शेजारी मोठा बाण. मंडळाचं नाव खाली ब्रशमध्ये घ्या, हौस तिथे भागवा.

प्रश्न : चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. हाताने लिहिल्याचा आव आणणारा फॉन्ट मला नकली वाटतो. ज्याने पेंटरांच्या पोटावर पाय दिला त्याची भलामण तुम्ही करावी, तुम्ही, एका पेंटरच्या मुलीने, याचं वाईट वाटलं.
– एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि घरी आईलाही वाचून दाखवलं.

अण्णा पाटी कशी लिहायचे ते आधी सांगते. खडू लावलेली दोरी पाटीवर आडवी ताणून मधोमध उचलून सोडायची, पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेषा. दुसरी दोरी अक्षराच्या पायाला. आत खडूने नुसती जागा वाटून घ्यायची, अक्षरं काढायची नाहीत. खारीच्या केसांचा चपटा ब्रश इनॅमलमध्ये बुडवायचा, पुठ्ठ्यावर दोन्ही अंगांनी मारायचा, म्हणजे केस धारेला येतात. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा, आणि काठीवर उजवं मनगट टेकलेलं. मग काना. वर टेकवायचा, क्षणभर थांबायचं, श्वास रोखून खाली ओढायचा, आणि पायाशी येताना ब्रश बोटांत किंचित फिरवून उचलायचा. त्या फिरवण्यामुळे कान्याचं टोक तिरकं आणि धारदार सुटतं. काम संपलं की ब्रश रॉकेलमध्ये धुवायचे, खोबरेल तेल लावून पत्र्याच्या डब्यात आडवे ठेवायचे. डबा अजून माझ्याकडे आहे.

‘रविवार कारंजा’ त्यांनी किती पाट्यांच्या पत्त्यांत लिहिलं असेल याची गणती नाही. त्यात तीन ‘र’ आहेत. अण्णांचे तिन्ही वेगळे असायचे. पहिला भरल्या ब्रशचा, पोटात फुगलेला. दुसरा शब्दाच्या शेवटी म्हणून जरा पाय पसरलेला. तिसऱ्यावर अनुस्वार बसायचा असतो म्हणून तो किंचित खाली दबलेला. फॉन्टमध्ये तिन्ही ‘र’ हुबेहूब एक असतात, आणि तिथेच तो पकडला जातो. तुमचं म्हणणं इथपर्यंत मला पूर्ण मान्य आहे. काही चांगल्या फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन-तीन रूपं करून ठेवतात आणि तेच अक्षर पुन्हा आलं की दुसरं रूप येतं. पण ती तीनच असतात आणि पुन्हा फिरून तीच येतात.

पोटावर पाय मात्र फॉन्टने दिला नाही, सर. २००० नंतरच्या काही वर्षांत शहरात फ्लेक्सची यंत्रं आली. अण्णांना जी पाटी करायला दोन दिवस लागायचे ती तासाभरात, निम्म्याहून कमी पैशांत मिळू लागली. एका हॉटेलने अण्णांकडून भिंत लिहून घेतली, पैसे अर्धे दिले आणि महिन्याभरात त्यावर फ्लेक्स ठोकला. त्या फ्लेक्सवर ब्रशचा फॉन्ट नव्हता, साधा होता. अण्णा त्यानंतर तिकडच्या रस्त्याने जात नसत. तेव्हा हा राग मला ठाऊक आहे, तो आमच्या घरात राहिलेला आहे.

पण नकली म्हणायला माझं मन घेत नाही. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे. तुम्ही मुलांना घेऊन गेला असाल. ती अक्षरं छिन्नीची आहेत, छिन्नीचं वळण त्यांत दिसतं. मग बोरू आला, मग शिशाचे खिळे, मग संगणकाचा पडदा. प्रत्येक वेळी आधीच्या हाताचं काहीतरी पुढच्या हत्याराने उचललं. आर. के. जोशींचंच बघा. आयुष्यभर बोरू आणि ब्रश घेऊन बसलेला माणूस, आणि विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांनीच केला. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं लिहिली ती प्रत्येक नाटकासाठी वेगळी. जाहिरातीतलं नाव बघूनच नाटक गंभीर की हलकंफुलकं हे कळायचं. तसं काम फॉन्ट करू शकत नाही, आणि त्याने ते करायला जाऊही नये. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून ते वळण नव्या अक्षरांत आणलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हनीफ कुरेशी यांनी तर गावोगावच्या पेंटरांचे हात जमवून त्यांचे फॉन्ट केले आणि फॉन्टला त्या पेंटरांचीच नावं दिली. ‘पेंटर कफील’ हा त्यातला एक. कुरेशी २०२४ मध्ये गेले, पण त्या पेंटरांचं नाव फॉन्टच्या यादीत राहिलं. अण्णांचा हात असा कोणी वेळेवर जपून ठेवला असता तर मी त्याला नकली म्हटलं नसतं.

ज्या कामाला हात मिळू शकतो तिथे मी फॉन्ट विकत नाही. शटर, टेम्पो, शाळेची भिंत असं काम आलं की भद्रकालीत अजून लिहिणारे दोघे जण आहेत, त्यांच्याकडे पाठवते. इनॅमलचं अक्षर नीट प्रायमर मारून लिहिलेलं असेल तर फ्लेक्सपेक्षा कितीतरी जास्त पावसाळे काढतं, हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगते. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचा हात चांगला असेल तर दुकानात पाठवा. सिंहस्थामुळे काम पुष्कळ आहे.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. माझे आजोबा ट्रकवर नावं लिहायचे. आता हात थरथरतो, तरी रोज वहीत काहीतरी लिहितात. त्यांच्या अक्षराचा फॉन्ट करता येईल का? किती अवघड आहे?
– एक वाचक, कॉलेज रोड

करता येईल, आणि तू उशीर करू नकोस.

अवघड आहे ते संख्येमुळे. इंग्रजी फॉन्ट दोन-अडीचशे आकृत्यांत उभा राहतो. देवनागरीत स्वर, व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, मात्रा, वेगवेगळ्या मापांच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली की आकडा काहीशेंवर जातो, नीट केलं तर हजाराच्या आसपास. तेवढं सगळं आजोबांकडून लिहून घ्यायचं नाही. त्यांच्याकडून मूळ अक्षरं घे, जोडाक्षरं तू त्यांच्या तुकड्यांतून बांध. अडशील तिथे त्यांना विचार की ‘ज्ञ’ तुम्ही कुठून सुरू करायचात.

वहीतलं अक्षर पेनाचं आहे, ते राहू दे. त्यांच्या हातात अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश आणि काळा पोस्टर कलर दे, जाड कार्ट्रिज कागद दे. टेबल उंच असू दे, ते ट्रकच्या फळीसमोर उभं राहून लिहायचे, तर जमत असेल तोवर उभ्यानेच लिहू दे. कागदावर पेन्सिलीने दोन रेघा मार, शिरोरेषेची आणि पायाची, सगळ्या कागदांवर त्याच अंतराने. प्रत्येक अक्षर दहा वेळा लिहून घे. थरथर आली तर कागद फेकू नकोस, कधीकधी त्यातच चांगलं रूप असतं. दहांतली तीन निवड, म्हणजे तीन ‘र’ तीन तऱ्हेचे होतील. सुटी अक्षरं एका दिवसात दहा-बाराच घे, त्यापुढे हातही थकतो आणि अक्षर कंटाळल्यासारखं दिसतं. अधूनमधून पूर्ण शब्द लिहू दे, ट्रकवर लिहायचे तेच. सुट्या अक्षरात माणूस जपून लिहितो, शब्दात त्याचा खरा हात येतो.

मग ६०० डीपीआयवर स्कॅन, इंकस्केपमध्ये बाह्यरेषा, फाँटफोर्जमध्ये फॉन्ट. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. बाह्यरेषा आपोआप काढलीस की हजारो ठिपके येतात, ते कमी कर, पण ब्रश उचलल्याची टोकं घासून गुळगुळीत करू नकोस. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर नेमक्या एका उंचीवर आणि एका जाडीची ठेवावी लागेल, नाहीतर शब्दात पायऱ्या पडतात. तिची खालची कड मात्र किंचित हलती राहू दे.

पहिले कागद झाले की घेऊन ये. येताना आजोबांकडून ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून आण, आणि जमलं तर त्यांनाही घेऊन ये. दुकानाला पायऱ्या नाहीत.